भिंतीआडची शांतता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जगात कुठेही दोन समाजांत रक्तपात झाला की थोड्याच दिवसांत एक मत ऐकू येऊ लागते. हे लोक एकत्र नांदूच शकत नाहीत, तेव्हा त्यांना एकमेकांपासून दूर ठेवावे, त्यांच्या वस्त्या वेगळ्या, शाळा वेगळ्या आणि जमले तर कारभारही वेगळा असावा, म्हणजे निदान माणसे तरी मरणार नाहीत, असे ते मत असते. हे केवळ द्वेषाने पेटलेले लोकच बोलतात असे नाही. ज्याचे घर जळाले आहे, ज्याच्या मुलाला जमावाने वेढले होते, तोही तेच म्हणतो, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार सुरक्षित जागी बसलेल्या कोणालाही नाही. पण भीतीच्या भरात सुचलेला हा उपाय सरकारचे धोरण झाला आणि पुढे दोन-तीन पिढ्या तसाच चालू राहिला, तर काय होते याचा अनुभव जगाच्या गाठीशी आता भरपूर आहे. त्या अनुभवाची चर्चा आपल्या वृत्तपत्रांतून फार कमी होते, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

उत्तर आयर्लंडपासून सुरुवात करतो. बेलफास्ट शहरात 1969 साली कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमध्ये जाळपोळ झाली, तेव्हा ब्रिटिश सैन्याने दोन्ही वस्त्यांच्या मध्ये काटेरी तारांचे अडथळे उभे केले. ही व्यवस्था अगदी तात्पुरती आहे, असे त्या वेळी सांगण्यात आले होते. पुढे तारांच्या जागी पत्रे आले, पत्र्यांच्या जागी विटांच्या आणि काँक्रीटच्या उंच भिंती आल्या, आणि लोक त्यांना ‘शांततेच्या भिंती’ म्हणू लागले. सुमारे तीस वर्षांत साडेतीन हजारांहून अधिक माणसे मारली गेल्यावर 10 एप्रिल 1998 रोजी ऐतिहासिक करार झाला आणि हत्यासत्र बव्हंशी थांबले. मात्र भिंती गेल्या नाहीत, उलट करारानंतरच्या वर्षांत त्यांची संख्या वाढली. तिथल्या सरकारने 2013 साली पुढील दहा वर्षांत सर्व भिंती हटवण्याचा संकल्प जाहीर केला. 2023 साल उलटून गेले, तरी बहुतेक भिंती जागच्या जागी आहेत. त्यांतील काहींना दरवाजे आहेत. ते दिवसा उघडतात आणि रात्री बंद होतात. भिंतीला लागून असलेल्या काही घरांच्या मागच्या अंगणावर वरून येणारे दगड आणि बाटल्या अडवण्यासाठी लोखंडी जाळीचे छत घातलेले आहे, आणि शांतता करारानंतर जन्मलेली मुलेही त्या जाळीखाली खेळत मोठी झाली आहेत.

या भिंती का पडत नाहीत, हे समजून घेणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. भिंतीलगत राहणाऱ्यांना विचारले की पुष्कळजण सांगतात, ती एक ना एक दिवस जावी, पण आज नको. आज का नको, याचे कारण सरळ आहे. पलीकडे कोण राहते हे त्यांना ठाऊकच नाही. सलग दोन पिढ्या पलीकडच्या बाजूशी ना शाळेत भेट झाली, ना बसथांब्यावर, ना दवाखान्याच्या रांगेत. माणूस ओळखीचा नसला की त्याच्याविषयी जे सांगितले जाते तेवढेच खरे वाटते, आणि सांगणारे बहुतेक वेळा भीतीच सांगत असतात. भीतीमुळे भिंत उभी राहिली हे खरे, पण पुढे त्याच भिंतीने भीती जतन केली. भिंतीने त्या रात्री कित्येक जीव वाचवले असतील, हे मी नाकारत नाही. माझा आक्षेप आहे तो, वाचवण्याचा तातडीचा उपाय हाच कायमचा तोडगा मानून स्वस्थ बसण्याला.

त्याच समाजात याच्या उलट दिशेने केलेला एक प्रयत्नही आहे आणि तो सरकारने नव्हे, पालकांनी सुरू केला. कॅथलिक मुले एका शाळेत आणि प्रोटेस्टंट मुले दुसऱ्या शाळेत, हीच तिथली पूर्वापार रीत होती. हत्यासत्र चालू असतानाच, 1981 साली, काही पालकांनी बेलफास्टमध्ये दोन्ही समाजांच्या मुलांना एकत्र शिकवणारे लेगन कॉलेज हे विद्यालय सुरू केले. पहिल्या वर्षी तिथे अवघी 28 मुले होती. ज्या शहरात वाट चुकून दुसऱ्यांच्या गल्लीत शिरणेसुद्धा जिवावर बेतू शकत होते, तिथे त्या आईवडिलांनी आपली मुले रोज सकाळी एका वर्गात आणून बसवली, याचा विचार केला की आजही मन भरून येते. ते विद्यालय टिकले, वाढले आणि त्याच्या मागोमाग अशा अनेक शाळा उघडल्या. तरीही उत्तर आयर्लंडमध्ये अशा एकात्म शाळांत जाणारी मुले आजसुद्धा दहांत एकाहून कमीच आहेत, म्हणजे उरलेल्या नऊजणांचे बालपण बव्हंशी आपापल्याच लोकांत जाते.

शाळेचा प्रश्न बोस्नियात याहून तीव्र स्वरूपात दिसतो. 1992 ते 1995 या काळातील युद्धात तिथे सुमारे एक लाख माणसे मृत्युमुखी पडली. युद्धानंतर विस्थापित कुटुंबे परत येऊ लागली, तेव्हा बॉस्नियाक (बहुतांश मुस्लिम) आणि क्रोएट (बहुतांश कॅथलिक) मुलांसाठी काही भागांत ‘एका छपराखाली दोन शाळा’ ही पद्धत सुरू झाली. इमारत एकच असली तरी प्रवेशद्वारे वेगळी किंवा भरण्याच्या वेळा वेगळ्या, अभ्यासक्रम वेगळा, आणि इतिहासाच्या पुस्तकांत त्याच युद्धाची हकिकत वेगळी. परतलेल्या लोकांची सोय म्हणून काढलेली ही तात्पुरती वाटही पुढे कायमचीच झाली. मोस्तार शहराचा जुना दगडी पूल नोव्हेंबर 1993 मध्ये तोफांच्या माऱ्याने कोसळला आणि आंतरराष्ट्रीय मदतीने 2004 साली पुन्हा बांधला गेला, तेव्हा त्याची छायाचित्रे जगभर छापून आली आणि तुटलेली मने पुन्हा जुळल्याचे मथळे झळकले. प्रत्यक्षात त्याच शहरात दोन्ही बाजूंच्या पक्षांचे निवडणुकीच्या नियमांवर एकमत होईना, म्हणून 2008 पासून डिसेंबर 2020 पर्यंत नगरपालिकेची निवडणूकच झाली नाही. तब्बल बारा वर्षे तिथल्या नागरिकाला, तो कोणत्याही समाजाचा असो, आपला नगरसेवक निवडता आला नाही. पूल उभारायला पैसा आणि कारागीर पुरतात, पण दोन्ही काठांवरच्या लोकांनी मिळून शहर चालवायचे तर त्यासाठी पैशांनी विकत न मिळणारे बरेच काही लागते.

त्याच देशात यायत्से नावाचे एक छोटे शहर आहे. 2016 साली तिथल्या अधिकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना वांशिक गटांनुसार विभागणारी वेगळी शाळा काढण्याचे ठरवले. त्याला विरोध केला तो खुद्द माध्यमिक शाळेतल्या मुलामुलींनी. बॉस्नियाक आणि क्रोएट विद्यार्थी एकत्र रस्त्यावर उतरले, आम्हांला वेगळे करू नका असे त्यांनी निक्षून सांगितले, मोठ्यांचा रोष पत्करला आणि पुढच्या वर्षी तो बेत रद्द करायला लावला. ही मुले युद्धानंतर जन्मलेली होती. एकमेकांचा द्वेष करण्याचे सारे शिक्षण त्यांना आयते मिळत होते आणि तरी त्यांनी ते घेतले नाही, कारण ज्यांच्यापासून त्यांना तोडले जाणार होते ती त्यांच्या रोजच्या सोबतीची माणसे होती.

वेगळेपणाची रेघ कायद्यातच ओढली की काय होते, यासाठी लेबनॉनकडे पाहावे. 1943 च्या राष्ट्रीय समझोत्यानुसार तिथे राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी आणि संसदेचा अध्यक्ष शिया असतो. संसदेतील जागांची वाटणी 1932 च्या जनगणनेच्या आधारे ठरली, आणि त्यानंतर लेबनॉनमध्ये अधिकृत जनगणना झालेलीच नाही. खरे आकडे समोर आले तर वाटणी मोडेल, या धास्तीने देश स्वतःची माणसे मोजायलाही धजावत नाही. 1975 ते 1990 अशी पंधरा वर्षे यादवी झाल्यावर जागांचे प्रमाण बदलले, तत्त्व मात्र तेच राहिले. विवाह, वारसा, मुलांचा ताबा हे सारे ज्याच्या त्याच्या पंथाच्या न्यायालयाकडे आहे. देशात नोंदणी पद्धतीने विवाहाची सोय नसल्यामुळे दोन वेगळ्या धर्मांच्या जोडप्यांना लग्नासाठी सायप्रससारख्या परदेशात जावे लागते. एकमेकांना मनापासून स्वीकारलेल्या दोन माणसांनाच ज्या व्यवस्थेत जागा नाही, तिला सहजीवनाची व्यवस्था कसे म्हणावे, हे मला कळत नाही. बोस्नियाच्या राज्यघटनेतही असाच दोष आहे. तिथले त्रिसदस्य राष्ट्राध्यक्षपद केवळ बॉस्नियाक, क्रोएट आणि सर्ब यांच्यासाठी राखीव असल्यामुळे एक रोमा आणि एक ज्यू नागरिक दाद मागायला गेले, आणि युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2009 साली त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या निकालाची अंमलबजावणी वर्षानुवर्षे रखडली आहे. अशी सत्तावाटणी युद्ध थांबवण्यासाठी आवश्यक असू शकते, हे मान्यच करायला हवे. बंदुका खाली ठेवणाऱ्याला आपण संपणार नाही याची हमी हवी असते. मात्र ती हमी नागरिकाऐवजी गटाला दिली की कोणत्याच गटात न बसणारा माणूस उघड्यावर पडतो, आणि पुढाऱ्याचे पद आपल्या लोकांची भीती जागती ठेवण्यावर टिकते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरोखर भारी आहे. एकत्र राहिल्याने सलोखा टिकतो, तर रवांडात काय झाले? तिथे हुतू आणि तुत्सी एकाच डोंगरउतारावर शेजारी राहत होते, त्यांची भाषा एक होती, धर्म बव्हंशी एक होता, सोयरिकीही होत होत्या. तरी एप्रिल ते जुलै 1994 या सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली, आणि मारणाऱ्यांत शेजारी होते. या प्रश्नाला बगल देऊन सलोख्याविषयी बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. रवांडातील कत्तल शेजाऱ्यांमधल्या भांडणातून उसळलेली नव्हती. बेल्जियमच्या राजवटीने 1930 च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू किंवा तुत्सी असा शिक्का मारला होता. स्वातंत्र्यानंतरच्या सरकारांनी तो पुसला नाही, आणि 1994 साली रस्तोरस्तीच्या नाक्यांवर तीच ओळखपत्रे तपासून माणसे बाजूला काढली गेली. त्याच्या आधीपासून आरटीएलएम हे रेडिओ केंद्र तुत्सींना झुरळे म्हणत होते. सैन्य, प्रशासन आणि पक्षांची तरुण पथके ही यंत्रणा तयार होती. शासनच मारेकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले, तर नुसती शेजारधर्माची भिंत ते वादळ अडवू शकत नाही. यातून निघणारा निष्कर्ष शेजार निरुपयोगी आहे असा नसून, शेजाराच्या पाठीशी कायदा आणि संस्था लागतात असा आहे.

आपल्या देशाविषयीचा एक अभ्यास इथे फार मोलाचा आहे. राजकीय अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी 1950 ते 1995 या काळातील हिंदू-मुस्लिम दंगलींचा हिशेब मांडला, तेव्हा आढळले की दंगलींतील एकूण बळींपैकी जवळपास निम्मे केवळ आठ शहरांतले होते, आणि खेड्यांतले बळी चार टक्क्यांहूनही कमी. म्हणजे अफवा सर्वत्र पोहोचत होती, पण पेट सर्वत्र घेत नव्हता. दंगलींत होरपळणारी शहरे आणि शांत राहणारी शहरे यांच्या जोड्या लावून त्यांनी तुलना केली. शांत राहिलेल्या शहरांत व्यापारी मंडळे, कामगार संघटना, वकील-डॉक्टरांच्या संघटना आणि राजकीय पक्ष यांत दोन्ही समाजांचे लोक एकत्र होते, असे त्यांना दिसले. खेड्यात रोजची उठबस आणि एकमेकांकडचे येणे-जाणे पुरते. लाखोंच्या शहरात तेवढ्याने भागत नाही, तिथे ज्यात दोघांचाही पैसा, रोजगार किंवा अधिकार गुंतला आहे अशी संस्था लागते. दंगल पेटली तर ज्याचे स्वतःचे नुकसान होणार आहे तो माणूस अफवा ऐकल्याबरोबर पलीकडच्या ओळखीच्या माणसाला फोन करतो, खरे काय ते विचारतो आणि आपल्या गल्लीतल्या पोरांना घरी पिटाळतो. भिवंडी हे शहर 1970 आणि 1984 मध्ये भीषण दंगलींत होरपळले होते. तिथे पोलिसांनी 1988 नंतर वस्तीवस्तीत दोन्ही समाजांच्या लोकांच्या मोहल्ला समित्या नेमल्या आणि त्यांच्या बैठका सातत्याने घेतल्या. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. या समित्या दंगल झाल्यावर घाईने बोलावलेल्या शांतता बैठका नव्हत्या. काही वर्षे आधीपासून ती माणसे गटार, पाणी, किरकोळ तंटे अशा साध्या कामांसाठी एकमेकांसमोर बसत होती, म्हणूनच त्या रात्री त्यांचा शब्द ऐकला गेला.

माणसांना नुसते एका जागी आणल्याने काम होत नाही, हे मानसशास्त्रातही दिसून आले आहे. 1954 साली अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात मुझफ्फर शेरीफ यांनी सर्वसाधारण घरांतल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलांचे दोन गट करून त्यांच्यात स्पर्धा लावली. काही दिवसांतच मुले एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत गेली. मग त्यांना एकत्र जेवायला बसवले, एकत्र चित्रपट दाखवले, तर भांडणे कमी होण्याऐवजी वाढली. पुढे शिबिराचे पाणी बंद पडले आणि ते दोन्ही गटांनी मिळून सुरू केल्याशिवाय गत्यंतर नाही अशी स्थिती आणली गेली, तेव्हा कुठे वैर निवळू लागले. त्यामुळे सणासुदीला एका मंचावर सर्व धर्मांचे प्रतिनिधी बसवून हातात हात घातलेली छायाचित्रे काढली जातात, तेव्हा त्यामागच्या हेतूविषयी मला आदर वाटतो, परिणामाविषयी मात्र मोठी आशा वाटत नाही.

याच संदर्भात इराकमधील एका प्रयोगाचा अहवाल 2020 साली प्रसिद्ध झाला. ‘इस्लामिक स्टेट’ने 2014 मध्ये घरादारांतून हाकललेल्या ख्रिस्ती तरुणांसाठी हौशी फुटबॉल स्पर्धा भरवल्या गेल्या. काही संघांत तीन-तीन मुस्लिम खेळाडू घेतले, तर काहींत तितकेच ख्रिस्ती. मिश्र संघांत खेळलेल्या ख्रिस्ती खेळाडूंनी खिलाडूवृत्तीच्या पारितोषिकासाठी अन्य संघांतील मुस्लिम खेळाडूला मत देण्याची शक्यता वाढली, आणि स्पर्धा संपून सहा महिने लोटल्यावरही ते मुस्लिमांबरोबर सराव करताना आढळले. इतके सारे गमावलेल्या माणसांच्या बाबतीत हे घडले, ही साधी गोष्ट नाही. पण त्याच अभ्यासाने दुसरी बाजूही प्रांजळपणे नोंदवली आहे. मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांविषयी त्यांच्या वागण्यात तसा ठळक फरक पडला नाही. विश्वास बसला तो ज्यांच्याबरोबर घाम गाळला त्यांच्यावर. एका स्पर्धेने समाज बदलत नाही. शाळा, कचेरी, वस्ती अशा ठिकाणी वर्षानुवर्षे हा सहवास घडावा लागतो.

तो घडवून आणण्यासाठी सरकारने कुठवर जावे, याचे टोकाचे उदाहरण सिंगापूरचे आहे. 1964 च्या वांशिक दंगली अनुभवलेल्या या देशात दहांपैकी जवळपास आठ लोक सरकारी गृहयोजनांतल्या घरांत राहतात. आपापल्या लोकांचे पुंजके पुन्हा तयार होऊ लागल्याचे दिसल्यावर 1989 साली प्रत्येक इमारतीत आणि परिसरात चिनी, मलाय आणि भारतीय कुटुंबांच्या प्रमाणाला मर्यादा घालण्यात आली. त्यामुळे एकाच समाजाच्या बंदिस्त वस्त्या तयार झाल्या नाहीत, हे श्रेय त्या नियमाला द्यावे लागेल. त्याची किंमत मात्र बहुतेक वेळा अल्पसंख्याकांनी मोजली. बहुसंख्य चिनी कुटुंबांची मर्यादा भरलेल्या इमारतीतले घर त्यांना चिनी ग्राहकाला विकता येत नाही, उरलेले ग्राहक थोडे, त्यामुळे भाव कमी येतो. सरकारनेही ही अडचण मान्य केली आणि 2022 पासून काही प्रकरणांत अशी घरे स्वतः विकत घेण्याची सोय केली. तिथे भाषणस्वातंत्र्यावर जी बंधने आहेत ती मला मान्य होण्यासारखी नाहीत. तरीसुद्धा घर कोणी कुणाला द्यावे हा निव्वळ खाजगी मामला नाही, शहराच्या भवितव्याचा प्रश्न आहे, एवढे त्या देशाने ओळखले. सक्ती नको असेल तर निदान धर्म किंवा वंश पाहून घर नाकारणाऱ्यावर कारवाई व्हावी आणि सार्वजनिक पैशांतून उभ्या राहणाऱ्या वसाहतींत व शाळांत सर्वांना खरोखर प्रवेश मिळावा, इतकी अपेक्षा कोणत्याही लोकशाही सरकारकडून ठेवता येते.

संपादक महोदय, यात वृत्तपत्रांच्या वाट्याचे कामही आहे आणि त्यासाठीच माझी आपणांस विनंती आहे. दंगलीची बातमी आपण देता, ती दिलीच पाहिजे. पण त्याच रात्री लगतच्या ज्या वस्तीत काही घडले नाही, तिथेही वार्ताहर पाठवावा. अफवा तिथे पोहोचली होती का, ती कोणी अडवली, कोण कोणाच्या दारी गेले, पोलीस ठाण्याने किती वेळात माणसे पाठवली, हे विचारावे आणि तितक्याच ठळकपणे छापावे. एखाद्या गुन्ह्याशी आरोपीच्या धर्माचा किंवा जातीचा संबंध नसेल, तर मथळ्यातून तो वगळावा. आणि सहा महिन्यांनी, वर्षाने त्याच जागी परत जाऊन पाहावे की सोडून गेलेली कुटुंबे आपल्या घरी परतली का, मुले पूर्वीच्याच शाळेत एकत्र बसतात का, दोन्ही बाजूंच्या पीडितांचे खटले न्यायालयात उभे राहिले का, आणि घाईघाईने घातलेले ‘तात्पुरते’ अडथळे अजून उभे आहेत का.

आपला,
एक नियमित वाचक